बदकांच्या खुराड्याभोवतीचे उंदीर: आधी ताटली उचला, मग चाप लावा

कोंबड्यांच्या खुराड्यात उंदीर येऊन जातात, बदकांच्या खुराड्याशेजारी ते बिऱ्हाडच करतात. याला बदकाची जेवायची पद्धत कारणीभूत आहे. बदक चोचभर भरडा घेतं, पाण्यात बुडवतं, निम्मा पाण्यात सोडतं आणि उरलेल्यातला थोडा जाता जाता मातीत सांडतं. उंदराला भिजलेलं खाणं मिळतं, प्यायला पाणी मिळतं आणि सतत पाणी सांडून मऊ झालेली जमीन उकरायलाही सोपी जाते. भरीला बदकं दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात. अंडीही बहुतेक पहाटेच्या आसपास, दिसेल त्या कोपऱ्यात जमिनीवर घालतात.

त्यामुळे उंदीर दिसला की पहिल्यांदा दुकानात विष आणायला जाणं हे उलट्या बाजूने सुरुवात करणं आहे. ताटलीत रात्रभर कणी पडलेली असताना चापातल्या खोबऱ्याला उंदीर कशाला तोंड लावेल?

आधी कोण येतंय ते बघा. कोकणातल्या परड्यात चोर मुख्यतः दोन. एक घूस: बोथट तोंडाची, राठ केसांची. पूर्ण वाढलेली मोठी घूस पाऊण-एक किलो भरते. चढण्यात कच्ची, खणण्यात पक्की. तिच्या बिळाबाहेर ताज्या मातीचा ढीग असतो, तो लांबूनही दिसतो. दुसरा घरात आणि माडावर दिसणारा काळसर उंदीर, अंगापेक्षा शेपूट लांब. त्याची वाट वरून असते: झावळीवरून कौलावर, कौलाच्या फटीतून वाशावर, तिथून खाली. तो रोज जिथून जातो तिथे भिंतीला आणि वाशाला त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा उमटतो. लांब नाकाची, उग्र वासाची, भिंतीकडेने चिकचिक करत पळणारी चिचुंद्री वेगळी. तिचं पोट मुख्यतः किड्यांवर चालतं, तिच्यामागे लागू नका.

घुशीसाठी केलेला बंदोबस्त काळ्या उंदराला अडवत नाही आणि त्याच्यासाठीचा घुशीला अडवत नाही, म्हणून ही ओळख महत्त्वाची. दोन्ही आहेत असं दिसलं तर दोन्ही कामं करावी लागतात.

बिळं किती आणि त्यांतली चालू किती हे कळायला साधी युक्ती आहे. संध्याकाळी सगळ्या बिळांच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा आणि प्रत्येकाशेजारी एक काठी रोवा. सकाळी ज्याचा बोळा बाहेर पडलेला किंवा कुरतडलेला असेल ते चालू बीळ. पावसाळ्यात कागद भिजून लगदा होतो, तेव्हा ओल्या मातीचा गोळा वापरा. बाकीची बिळं दगड-माती ठासून बुजवा. पुढचं सगळं लक्ष चालू बिळांवर.

आता खाणं. अंड्यावरच्या मोठ्या बदकाला दिवसाला साधारण १५० ग्रॅम खाद्य पुरतं, बाहेर चरून गोगलगाई आणि किडे खाणाऱ्याला त्याहून कमी. म्हणजे सहा बदकांना किलोभराच्या आतच. ते सकाळ-संध्याकाळ दोनदा द्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला. ताटलीत काही उरत असेल तर दुसऱ्या दिवशी माप कमी करा. ‘खातील हळूहळू’ म्हणून ठेवलेलं खाणं रात्री कोण खातं ते वेगळं सांगायला नको.

सांडलवंड तर होणारच, तिची सोय करायची. दोन फूट बाय तीन फूट लाकडी चौकट करा, वर अर्ध्या इंची वेल्डेड जाळी ताणून ठोका आणि चौकट विटांवर चार-पाच इंच उंच ठेवा. खाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा उथळ ट्रे. खाद्याची ताटली आणि पाण्याचं घमेलं दोन्ही या चौकटीवरच ठेवा. बदकं खाताना जे सांडतील ते ट्रेमध्ये पडतं, पाण्यासकट. संध्याकाळी ट्रे केळीच्या किंवा माडाच्या आळ्यात रिकामा करायचा, पण खुराड्यापासून लांबच्या, आणि वर दोन फावडी माती ओढायची. घमेलं लांब ठेवलं तर बदकं तोंडात भरडा घेऊन पाण्याकडे पळतात आणि वाटभर सांडतात, म्हणून पाणी ताटलीजवळच बरं. पाण्याशिवाय कोरडा भरडा तर कधीच देऊ नका, घशात अडकतो.

रात्री खुराड्यात खाद्यही नको आणि पाणीही नको. मोठ्या बदकांना तेवढा वेळ चालतं, मात्र पहाटे दार उघडल्या उघडल्या पाणी समोर पाहिजे. लहान पिल्लांना हा नियम लागू नाही, त्यांचं पुढे येईल. अंडी सकाळी दार उघडतानाच उचला. एखादं अंडं फुटलेलं सापडलं तर तिथला तूस किंवा पेंढा सगळा काढून टाका. त्या वासावर उंदीर पुन्हा येतो, आणि बदकंही फुटलेलं अंडं खायला शिकतात.

साठवणीचं खाद्य पोत्यात ठेवणं म्हणजे उंदराच्या हाती किल्ली देणं. झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा जाड प्लास्टिकचा पिंप घ्या. पातळ बादली असली तर तो कडेपासून कुरतडतो. यात नुकसान फक्त खाल्लेल्या कणीचं होत नाही. पोतं फुटलं की खाद्याला दमट हवा लागते आणि बुरशी येते. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदक कोंबडीपेक्षा फार नाजूक. शेंगदाण्याची पेंड घालत असाल तर जास्तच जपा. वास आलेलं, गुठळ्या झालेलं खाद्य वाळवून वापरू नका, विष वाळवून जात नाही.

खुराड्याच्या आसपास सोडणांचा (नारळाच्या सालांचा) ढीग, झावळ्यांची रास, भिंतीला टेकवलेली लाकडं असतील तर उंदरांची घरं तिथे आहेत असं समजा. लाकडं जमिनीपासून दीड फूट उंच मांडणीवर रचा, सोडणं पलीकडच्या टोकाला न्या. खुराड्याभोवती तीन-चार फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवा. उंदराला उघड्यावरून जायला आवडत नाही. शिवाय नवीन उकरलेली माती त्या पट्ट्यात लगेच नजरेत भरते.

जाळीवर मात्र नीट खर्च करा. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी बदकांना आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही: लहान उंदीर भोकातून शिरतो, मोठा तार कुरतडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लागते, आणि उंदराचं पिल्लूही शिरू नये असं वाटत असेल तिथे पाव इंचाची. समुद्राजवळ जस्ताचा मुलामा जाड असलेलीच घ्या, बारीक तारेची स्वस्त जाळी खाऱ्या हवेत गंजून तुटते. नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कापतो, आणि उंदरामागे आलेली धामण तिच्यात अडकून मरते.

जाळी बारीक खिळे वाकवून ठोकली तर घूस कोपरा उचकटते. वरून लाकडी पट्टी देऊन स्क्रूने आवळा. दोन तुकडे जोडताना निदान दोन इंच एकावर एक घ्या. काम संपल्यावर तारेचा प्रत्येक तुकडा वेचून काढा, शक्य असेल तर जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. चकाकणारं काही दिसलं की बदक गिळतं, आणि तारेचा तुकडा पोटात टोचून मरतं. उंदरापासून वाचवायला लावलेल्या जाळीनेच बदक जायला नको.

खालून येणाऱ्या घुशीसाठी भिंतीच्या बुडाशी जाळीचा कोन करा: सहा इंच जाळी भिंतीला वर, उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी. तिच्यावर माती ओढून चिऱ्याचे तुकडे ठेवा. घूस भिंतीला चिकटूनच खणायला लागते, जाळी लागली की तिथेच पुढेमागे करते, दीड फूट मागे जाऊन तिथून सुरुवात करायचं तिला सहसा सुचत नाही. नुसती उभी जाळी जमिनीत गाडली तर मात्र ती खालून वाट काढते. खुराड्याची जमीन नव्याने करणार असाल तर खाली खडी, वर जाळी, तिच्यावर तीन इंच काँक्रीट, आणि धुतलेलं पाणी जाईल असा एका बाजूला उतार. पाणी जायच्या भोकाला जाळी ठोकायची राहूनच जाते, ती विसरू नका. मातीत बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीत सांधे पोकळ असतात. ते खरवडून सिमेंटने भरा, आत चुरगाळलेल्या जाळीचा बोळा घालून. नुसतं फोम भरलं तर उंदीर ते लोण्यासारखं कापतो. काचा घालायची जुनी पद्धत बदकांच्या जागेत नको, माती उकरली गेली की त्या वर येतात.

दाराखालची फट बोटापेक्षा कमी हवी. दाराच्या तळाला आणि उंबऱ्याला सहा इंची पत्र्याची पट्टी मारा. वरून येणाऱ्यासाठी कौलांखाली जाळी, सिमेंट पत्र्याच्या टोकाच्या पोकळ्यांत जाळीचे तुकडे, आणि छपरावर वाकलेल्या फांद्या-झावळ्या निदान सव्वा मीटर लांब छाटलेल्या. माडाला दीड-दोन मीटर उंचीवर फूट-दीड फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, तो चांगला उपाय आहे, पण त्या माडाच्या झावळ्या दुसऱ्या झाडाला टेकत असतील तर पत्र्याचा काही उपयोग नाही.

पिल्लांचा धोका वेगळाच. मोठ्या बदकाच्या पायाला उंदीर चावा घेतो, पिल्लू मात्र उचलूनच नेतो. सकाळी मोजणीत एक कमी, मागे रक्ताचा थेंबही नाही. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं पाव इंची जाळीच्या पेटीत, झाकणासकट, जमिनीपासून तीन फूट उंच ठेवा. स्टँडच्या पायांना गुळगुळीत पत्र्याची नळी घाला आणि पेटी भिंतीपासून लांब सरकवा. बल्बची वायर लटकती ठेवू नका, उंदराला ती शिडीच. पिल्लांना रात्रीही खाद्य-पाणी लागतं, म्हणून ही पेटी अभेद्य असायलाच हवी.

एवढं झालं की चाप. लाकडी किंवा लोखंडी, स्प्रिंगचा, मोठ्या उंदराच्या मापाचा. एक-दोन लावून काही होत नाही, लहान खुराड्यालाही सहा-आठ लागतात. उंदीर नव्या वस्तूला लगेच शिवत नाही, त्यामुळे पहिल्या तीन-चार रात्री चाप न ताणता नुसतं आमिष लावून ठेवा. सगळ्यांवरचं आमिष गेलेलं दिसलं की सगळे चाप एकाच रात्री ताणा. विस्तवावर भाजून काळसर केलेला सुक्या खोबऱ्याचा वाटाण्याएवढा तुकडा दोऱ्याने बांधा. सुका बांगडाही चालतो, पण त्याला मुंग्या आणि मांजरं दोन्ही येतात. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. बदकं कोंडल्यावर लावायचे आणि सोडण्याआधी उचलायचे, यात एकाही दिवसाची सूट नाही. चिकट गोंदाचे पुठ्ठे आणू नका: उंदीर तासन् तास तडफडतो, आणि त्यावर बदकाचं पिल्लूही चिकटतं.

घुशीला चाप पुरत नाही. तिच्यासाठी मोठा पिंजरा, चालू बिळासमोर, खुंटीला बांधून, नाहीतर ती तो उलटा करते. पिंजऱ्यात सापडलेली घूस नदीपलीकडे नेऊन सोडणं म्हणजे पलीकडच्या वाडीवाल्याला भेट देणं.

विषाबद्दल मत स्पष्ट आहे: बदकांच्या आवारात जिंक फॉस्फाइड नको. ते धान्यात कालवून देतात, आणि ते धान्य बदकाच्या खाण्यासारखंच दिसतं. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. बिळात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराजवळ मुळीच नकोत, त्यांच्या वायूने माणसं दगावतात. अगदीच नाइलाज असेल तर ब्रोमाडायोलोनची ०.००५ टक्क्यांची तयार वडी, कुलपाच्या पेटीत, तारेने आत जखडलेली, बदकं फिरतात त्या कुंपणाबाहेर. सुटे दाणे नकोत, उंदीर ते उचलून नेतो आणि कुठेही सांडतो. हे विष रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. बदकं लहान उंदीर गिळतात हे पुष्कळांना माहीत नसतं. मांजर, गव्हाणी घुबड, धामण हेही असा उंदीर खातात. म्हणून रोज सकाळी मेलेले शोधून दोन फूट खोल पुरायचे. बदकाला विषबाधा झाल्याचा संशय आला तर पशुवैद्याला विषाचं नाव सांगा, ब्रोमाडायोलोनवर जीवनसत्त्व के १ हा उतारा आहे.

ही सगळी कामं करताना पायात गमबूट, हातात रबरी मोजे. उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू ओल्या मातीत येतात आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतात, आणि बदकांची जागा कायमच ओली. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पावसात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घरी बदकं आहेत, उंदीर आहेत हे आपणहून सांगा.

वर्षात दोनदा जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. जून-जुलैत शेतं पाण्याने भरली की घुशी बांधावरून वर परड्यात सरकतात. भात कापून झालं की शेतातलं खाणं संपतं आणि उंदीर घराकडे वळतात. बिळांची तपासणी या दोन्ही वेळी पुन्हा करा. जाळीचा कोन कुठे उघडा पडलाय का, दाराचा पत्रा गंजलाय का, ते त्याच फेरीत बघून होतं.