प्रीमियर पद्मिनी: घाटात तापणाऱ्या इंजिनाचे निदान, आतापर्यंतची नोंद

माझी पद्मिनी पुण्यातील कोंडीत कितीही वेळ उभी राहिली तरी तापत नाही. मात्र साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली की अर्ध्या चढणीतच तापमानाचा काटा लाल पट्ट्याला भिडतो. याच मॉडेलच्या गाड्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून मुंबईच्या उकाड्यात ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या, त्यामुळे १०८९ घनसेंटिमीटरच्या या इंजिनाची मूळ शीतन-रचना अपुरी आहे असे मानायला जागा नाही. दोष वयाचा आहे आणि तो नेमका कोठे आहे, हे सुटे भाग बदलण्यापूर्वी शोधायचे असे ठरवले.

गाडी उभी असताना तापत असेल तर संशय पंखा, पट्टा आणि हवेच्या प्रवाहावर जातो. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालतो, म्हणजे घाटात इंजिन जोरात फिरत असताना पंखाही जोरातच फिरत असतो. तरीही ती केवळ भार पडल्यावर तापते, याचा अर्थ इंजिनात उष्णता जास्त निर्माण होत असावी किंवा पाणी पुरेशा प्रमाणात फिरत नसावे.

पहिल्या शक्यतेची तपासणी लवकर उरकली. टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारा दिवा) लावून पाहिले असता वेग वाढवताच इग्निशनची खूण व्यवस्थित पुढे सरकत होती, म्हणजे ठिणगी वेळेवर पडत होती. स्पार्क प्लगांचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत नव्हते. घाटातून खाली आल्यावर चारही चाकांच्या ब्रेक-ड्रमचे तापमान साधारण सारखे भरले, त्यामुळे एखादा ब्रेक धरून राहत असल्याची शंकाही मिटली.

त्यानंतर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधली सीलबंद पट्टी. येथे घाईने निष्कर्ष काढणे महागात पडते, कारण हेड अॅल्युमिनियमचे असून एकदा उघडले की ते सपाट आहे का, येथपासून सगळेच पाहावे लागते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची तपासणी-नळी धरली. ज्वलनातील वायू पाण्यात मिसळत असते तर द्रव पिवळा पडला असता. तो निळाच राहिला. थंड इंजिन सुरू करताच वरचा होजपाइप फुगून कडक होत नव्हता आणि पाण्यात अखंड बुडबुडेही येत नव्हते. हेडला हात लावायचा नाही, हे तेथेच निश्चित केले.

रेडिएटरच्या झाकणाची रबरी कडा मात्र चिरली होती. दाबाच्या दर पौंडामागे (प्रति चौरस इंच) पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. झाकण दाब धरत नसेल तर ती सवलत पूर्णपणे जाते. नवे झाकण मूळ दाबाचेच घेतले. जास्त दाबाचे झाकण लावून पितळी रेडिएटरचे जुने झाळकाम पणाला लावण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, जागी काहीच नव्हते. आधीच्या कोणा मिस्त्रीने तो काढून टाकला असावा. आपल्याकडे तापणाऱ्या गाडीवर हा इलाज इतक्या सर्रास होतो की त्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीच्या सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेते, चोक लांबतो आणि झीज वाढते. शिवाय मूळ दोष काही काळ झाकला जातो. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यात तापमापकासह टांगून पाहिला. तो त्यावर छापलेल्या ८२ अंशांच्या आसपास उघडू लागला.

खरा धागा सापडला तो रेडिएटरवर. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत धातूवर चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावली. इंजिन चांगले तापल्यावर वरच्या टाकीवर ९६ अंश, तर खालच्या टाकीवर ७० अंश भरले. एवढा फरक पाहून रेडिएटर उत्तम थंड करतो असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. पाणी भरपूर वाहत असेल तर दोन्ही टाक्यांतील फरक थोडाच राहतो. तो एवढा मोठा असेल तर नळ्यांतून पाणी रेंगाळत चालले आहे, असे समजावे. जाळीवर आडवे मोजत गेल्यावर डावीकडचा जवळपास तिसरा हिस्सा कोमटच लागला. त्या नळ्या बंद होत्या. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले की क्षारांचा थर नळ्यांत बसतोच.

रेडिएटरवाल्याने टाक्या उकलून रॉडिंग केले, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई केली, तेव्हा नळ्यांतून पांढरट पापुद्रे आणि गंजाचा चिखल निघाला. जोडून परत बसवल्यावर खनिजमुक्त पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरले. खालचा होजपाइपही बदलला, कारण तो हाताने दाबल्यावर सहज चपटा होत होता आणि अशी नळी वेगात पंपाच्या ओढीने आत दबून पाणी अडवू शकते.

आता त्याच चिकटपट्ट्यांवर फरक नऊ अंशांचा येतो आणि खंबाटकीच्या माथ्यावर काटा लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे थांबतो. तरीही ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरजवळ, पहिल्या सिलिंडरपेक्षा सहा-सात अंश जास्त भरतात. थोडा फरक स्वाभाविक आहे, कारण पंप पुढे आहे. पण तेथे गाळ साचला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पुढच्या टप्प्यात ब्लॉकचा निचरा-नळ काढून, थर्मोस्टॅट तात्पुरता बाजूला ठेवून, उलट दिशेने पाण्याचा झोत सोडणार आहे. तेवढ्याने फरक कमी झाला नाही तर ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे काढून गाळ तारेने खरवडावा लागेल.