गवा बघायला गेले आणि अंगण सारवून आले

दिवाळीनंतरच्या आठवड्यात राधानगरीला मामेभावाकडे तीन दिवस राहून आले. निघताना डोक्यात एकच होतं, दाजीपूरला जायचं आणि या वेळी गवा बघायचाच. तिसरी वेळ होती, आधीच्या दोन्ही वेळेला नुसते माग बघून परत आलेले. त्यावरच लिहायचं म्हणून फोनवर टिपणं पण काढून ठेवली होती, १९५८ पासून हे गव्यांचं अभयारण्य आहे, २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं वगैरे. ती टिपणं आता राहू देत. रविवारची सकाळ डोक्यातून जात नाहीये, तेच लिहिते.

रंकाळा स्टँडवरून एसटी पकडली. दिवाळी करून सासरी निघालेल्या बायका, त्यांच्या पिशव्या, फराळाचे डबे, रडणारी पोरं, भोगावतीपर्यंत उभीच होते. त्यात पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही. कारखाने सुरू झाल्यावर या रस्त्याला घाईच्या माणसाने येऊच नये. पण एका आजींनी मांडीवरचं नातवंड सरकवून मला जागा केली, "बस की बाळ, किती येळ हुबी ऱ्हातीस" म्हणाल्या. पुण्यात पीएमपीत मला असं कुणी बाळ म्हटलेलं नाही.

दादा आणि वहिनी दोघंही तिशीच्या आतले. दोन वर्षांपूर्वी दादा पुण्यातली नोकरी सोडून गावाकडच्या घरात परत आला, मामा-मामी आता कोल्हापुरात असतात. घर वस्तीपासून जरा लांब, टेपावर. खाली धरणाचं पाणी दिसतं, मागे जंगल सुरू होतं. दोन म्हशी, एक गाय, दीड एकर भात, वरच्या अंगाला तुकडाभर नाचणा. वहिनी मूळची कागलकडची, सपाटीवरची, तिला इतका पाऊस माहीत नव्हता. पहिल्या पावसाळ्यात ती रोज रात्री रडायची असं तिनेच सांगितलं.

मला वाटायचं थंडीची तयारी म्हणजे ट्रंकेतनं स्वेटर काढायचे. इथे आधी चार महिन्यांच्या पावसाने काय काय करून ठेवलंय ते निस्तरायचं असतं. माऱ्याच्या बाजूच्या भिंतीला बांधलेला पाल्याचा आडोसा सोडायचा, त्यामागे माती फुगून पोपडे आलेले असतात ते खरवडून पुन्हा लिंपायचे. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची. गोठ्याच्या मागची बाजू पोत्यांनी बंद करायची, कारण पहाटेचा वारा तिकडून येतो आणि म्हैस गारठली की दूध कमी देते. परड्यात पावट्याचा वेल मांडवावर चढवायचा, मेथी टाकायची. कौलं आणि ताडपत्री गोकुळ दूध संघाच्या फरकाच्या पैशातनं झाली, दिवाळीआधी दुधाच्या दराचा जो फरक मिळतो ना, तो. दिवाळीला दोघांनी कपडे घेतले नाहीत. फटाके मात्र घेतले होते, चांगले मोठे बॉम्ब, आणि एकही वाजवला नव्हता. माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यात कोरडे ठेवलेले. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, "राखणीला लागत्यात ताई."

शनिवारी सकाळी दाजीपूरला गेले. जीपने जंगलात फिरवलं, सावराई सडा बघितला, शेकरू दिसलं, गवा नाही. आमच्या जीपमधले एक कुटुंब पूर्ण वेळ मोबाईलवर गाणी लावून होतं, ड्रायव्हरने दोनदा सांगून बघितलं. एवढंच. फार चिडून परत आले.

दुपारी येऊन बघते तर दादा आणि वहिनी अंगण करत होते. भाताची कापणी मंगळवारी धरायची होती, त्याआधी अंगण तयार होऊन दोन दिवस उन्हात वाळायला पाहिजे, कारण भारे तिथेच येणार, झोडपणी तिथेच, वाळवण तिथेच. पावसात अंगणाचं शेवाळ झालेलं, गवत उगवलेलं, ते सगळं आदल्या दिवशीच खोऱ्याने खरवडून काढलं होतं. बांधावरची तांबडी माती बुट्ट्या भरभरून आणून पसरली होती, पाणी मारून रात्रभर मुरवली होती. आता दादा धुमुस घेऊन एका कडेपासून ठोकत निघालेला. मी पण घेतला हातात. पन्नास ठोक्यांत खांदे भरून आले, पण माती दबताना आवाज बदलतो ते कळायला लागलं. आधी भदभद येतो, मग घट्ट, टणक. तसा टणक आवाज आल्याशिवाय दादा पुढे सरकत नव्हता.

मग शेणकाला. वहिनीने माझ्या हाताला धरून शिकवलं. "हात आदी पाण्यात बुडवा, मग काला घ्या, आन् खांद्यातनं वडा, मनगटातनं न्हवं." अर्धगोल एकमेकांत अडकवत मागे मागे सरकायचं, केलेल्यावर पाय द्यायचा नाही. शेणात गवताचे बारीक धागे असतात, ते माती धरून ठेवतात म्हणून लवकर भेगा पडत नाहीत आणि दाण्यात माती येत नाही. मला वासाची किळस येईल वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ओल्या गवताचा वास येतो. अंधार पडेपर्यंत सगळं झालं, सोप्याच्या पायरीवर बसून आम्ही तिघं हुलग्याचं माडगं प्यायलो आणि त्या ओल्या, हिरवट काळ्या अंगणाकडे बघत बसलो. मला एवढं समाधान ऑफिसात कशानेच झालेलं नाही.

झोपायच्या वेळेला गारठा पडला. धरणाच्या पाण्यावरनं धुकं वर येत होतं. वहिनीची वाकळ अर्धीच शिवून झालेली, जुन्या साड्यांचे थर, कडेपासून टाके घालत ती मध्यापर्यंतही पोचली नव्हती, दिवसभराच्या कामातनं संध्याकाळी दोन-चार ओळी होतात. तिने पेटीतनं काळं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. "घ्या ताई, तुमाला सवं न्हाई थंडीची." मी घेतलं. घोंगडं सुरवातीला टोचतं, खळीमुळे कडक लागतं, पण दहा मिनिटांत आत चुलीजवळ बसल्यासारखी ऊब येते. मी इतकी गाढ झोपले की रात्री काय झालं मला काहीच माहीत नाही.

पहाटे वहिनीने दार उघडलं आणि "अगं आई गं" म्हणाली. मी तशीच घोंगडं गुंडाळून बाहेर आले.

अंगणावर खूर उमटले होते. पेरूच्या झाडाकडनं आत येऊन तिरके पार परड्याकडे गेलेले, एका जनावराचे नाही, निदान तीन-चार. मी जवळ जाऊन बसले. एकेक खूर माझ्या तळहाताएवढा, मधोमध चीर, अंगठ्याचं पेर बुडेल इतका खोल. कडेचं सारवण वर उलटून आलेलं आणि तळाला दवाचं पाणी चमकत होतं. एका खुरात भाताची अख्खी लोंबी रुतलेली होती, दाण्यासकट.

मी काय केलं ते लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच ही पोस्ट आहे. मी ओरडले, "गवा! वहिनी, गवा आला होता!" आनंदाने ओरडले. आत पळत जाऊन फोन आणला आणि फोटो काढायला लागले, खुराशेजारी हात ठेवून, वेगवेगळ्या बाजूंनी. सात-आठ फोटो झाल्यावर वर बघितलं तर वहिनी त्या लोंबीकडे बघत उभी होती. दादा घरात नव्हता, तो अनवाणीच शेताकडे पळाला होता. लोंबी कुठून आली हे त्या दोघांना बघितल्याबरोबर कळलं होतं, मला फोटो काढून झाल्यावर कळलं.

खाली गेलो तर दोन गुंठ्यांतलं भात आडवं झालेलं. खाल्लेलं कमी, तुडवलेलंच जास्त, पिकलेल्या लोंब्या चिखलात दाबल्या गेलेल्या. एका पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोपर्यंत जातं, हे मी माझ्या टिपणात लिहून ठेवलं होतं. ते वजन पायाखालच्या भातावर काय करतं ते तिथे दिसलं.

राखणीचं असं असतं की शेतात माच म्हणजे मचाण बांधलेला असतो, आळीपाळीने लोक रात्र काढतात, डबा बडवायचा, बॅटरी मारायची, अगदीच कळप आत आला तर बॉम्ब. शनिवारची पाळी दादाची होती. तो दहाला गेला होता आणि तीनच्या सुमाराला परत आला होता. शेजारचे काका बांधावर उभे होते, त्यांनी विचारलं, "पाक पांढरा पडलाईस की रं. घोंगडं कुठं हुतं तुजं?"

दादा म्हणाला, "भिजलं हुतं काका."

मी तिथेच उभी होते. घोंगडं माझ्या खांद्यावर होतं, कोरडं ठणठणीत. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

त्या घरात एकच घोंगडं आहे आणि ते राखणीचं आहे. लोकर दवात लगेच भिजत नाही, म्हणून माचावर तेच लागतं. दादा त्या रात्री सुती चादर घेऊन गेला, दोन-तीन तासांत चादर ओलीचिंब झाली, अंग थरथरायला लागलं म्हणून घरी आला, आणि तेवढ्यात कळप उतरला. माझ्या बॅगेत जाड जॅकेट होतं, वहिनीने घोंगडं पुढे केलं तेव्हा "मला आहे" एवढं म्हणायला मला काहीच लागलं नसतं. पण पाहुणा म्हणून आपल्याला सगळं हातात मिळायची सवय असते, कुठून काढून दिलंय ते आपण बघत नाही. या आधीही किती वेळा झालं असेल हे, मला बसमध्ये तेच आठवत होतं.

मी वहिनीला म्हटलं, मला सांगायचं ना. तर ती म्हणाली, "असं कुटं पावण्याला सांगत्यात व्हय?" आणि वर "चला, पाणी तापलंय, अंगूळ करून घ्या." मला त्या क्षणी राग आला होता, तिचा नाही, पण कुणावर काढावा ते कळेना.

पंचनाम्यासाठी फोन केला, तिकडून "सुट्टी आहे, बघू" इतकंच आलं. भरपाईची सोय आहे, पण पिकलेलं भात पंचनाम्याची वाट बघत उभं राहत नाही, कळपाला एकदा वाट सापडली की तो दुसऱ्या रात्री पुन्हा येतो. काका म्हणाले आजच कापा. पैऱ्याने बारा माणसं उभी राहिली, विळे घेऊन नऊच्या आत सगळे शेतात. दादा-वहिनीने मागच्या आठवड्यात त्यांची भातं कापून दिली होती, ते असं फिटतं. मी विळा धरला तर उगीच कुणाचं तरी काम वाढलं असतं, म्हणून मी अंगण घेतलं. उन्हं तापायच्या आत सगळे खूर भरायचे होते. ओली माती दाबून दाबून भरली, धुमुसाने ठोकली, वरनं काला ओढला, खांद्यातनं. मधे दोनदा वहिनी शेतातनं वर आली, बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "जमलं की वो ताई. मी जातो, भाकरी घिऊन जायाच्या हाईत." इकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो. त्या दिवशी संध्याकाळी दारात कुणीतरी हाक मारली तर माझ्याही तोंडातनं "आलो, आलो" निघालं.

दिवस मावळताना शेवटचा भारा आला. अंगण नीट वाळलेलं नव्हतं म्हणून खाली पाला अंथरला, त्यावर भारे रचले, वरनं ताडपत्री बांधली. दादाने शेजारीच शेकोटी केली आणि घोंगडं घेऊन तिथेच आडवा झाला. मी जॅकेट घालून सोप्यात झोपले, झोप काही आली नाही. मध्यरात्रीनंतर खालच्या अंगाला पाचोळा वाजला, कुत्री भुंकली, दादाने उठून डबा बडवला. मग एक बॉम्ब, त्याचा आवाज धरणाच्या पाण्यावरनं परत आला. मग बराच वेळ काही नाही. त्या वेळी मला गवा बघायची अजिबात इच्छा नव्हती.

सोमवारी निघाले. वहिनीने पिशवीत नाचण्याचं पीठ आणि खर्डा घातला, या वेळी मी विचारलं, तुमच्यापुरतं ठेवलंय का, तर तिने नुसती पिशवी बांधली.

काल तिचा फोन आला. झोडपणी झाली, कणगी भरली, गेल्या वर्षीपेक्षा दोन पोती कमी. पिंजर गोठ्याच्या माळ्यावर चढवलं. अंगणात पेरूकडचे दोन खूर परत दिसायला लागलेत म्हणे, भरलेली माती सुकून कडेने भेग पडली आणि बरोबर खुराचा आकार उठला, दोनदा काला दिला तरी जात नाही. आणि वाकळ अजून अर्धीच आहे, जुन्या साड्या असल्या तर पुढच्या खेपेला आणा म्हणाली. आईच्या चार काढून ठेवल्यात, सुती, धुवून मऊ झालेल्या. घोंगडं मात्र पट्टणकोडोलीला जाऊन घेणार आहे, चांगलं जड बघून. दादाला अजून सांगितलेलं नाही.