फिलाडेल्फियातल्या दोन रात्री: रेसलमेनिया ४० चा वृत्तांत आणि पुढच्यांसाठी सूचना

रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा खेळ. त्याचं तिकीट एका रात्रीचं काढायचं की दोन्ही रात्रींचं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. ६ आणि ७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर जे झालं, त्यानंतर आमचं उत्तर पक्कं आहे. ज्यांनी फक्त शनिवार घेतला त्यांनी कोडी ऱ्होड्सला चीत होताना पाहिलं आणि ते घरी गेले. ज्यांनी फक्त रविवार घेतला त्यांना शेवटची लढत ‘ब्लडलाइन रूल्स’ने, म्हणजे बेबंद, का चालली आहे हे शेजाऱ्याला विचारावं लागलं. कंपनी २०२२ पासून या खेळांना पे-पर-व्ह्यू म्हणत नाही, ‘प्रीमियम लाइव्ह इव्हेंट’ म्हणते. नाव काहीही ठेवा, एकच गोष्ट दोन रात्रींत वाटून सांगितली जाते. तेव्हा आधी वैर समजून घ्या, मग खुर्ची निवडा.

ब्लडलाइन हा रोमन रेन्सच्या नातलग पैलवानांचा गट, मराठीत भावकी. रोमन रेन्स, जिमी आणि जे उसो, सोलो सिकोआ हे सगळे अनोआई घराण्यातले. द रॉकचं घराणं त्यांच्याशी मानलेल्या नात्याने जोडलेलं. रोमनकडे ३० ऑगस्ट २०२० पासून विजेतेपदाचा पट्टा होता. समोर कोडी, डस्टी ऱ्होड्सचा मुलगा. बापाला कंपनीचा मुख्य पट्टा कधीच मिळाला नाही, ही त्याची जखम. तो २०१६ मध्ये कंपनी सोडून गेला, २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी करण्यात त्याचा वाटा होता, आणि २०२२ च्या रेसलमेनियात परत आला. २०२३ मध्ये सोलोच्या मधे पडण्यामुळे रोमनकडून हरला. २०२४ चा रॉयल रंबल, म्हणजे अनेकांची एकत्र लढत, जिंकून त्याने रोमनशी लढण्याचा हक्क पुन्हा मिळवला, आणि आठवड्याभरात, २ फेब्रुवारीच्या स्मॅकडाउन या साप्ताहिक कार्यक्रमात, ती जागा रॉकसाठी सोडून दिली.

इथे प्रेक्षक बिथरले. पाहता पाहता रॉकची हुर्यो उडू लागली आणि ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या पत्रकार परिषदेत कंपनीने वळण घेतलं: कोडीने रोमनलाच निवडलं, रॉकने कोडीच्या कानफटात लगावली आणि खलनायक झाला. २५ मार्चला शिकागोत भर पावसात त्याने कोडीला रक्तबंबाळ केलं आणि ते रक्त कोडीच्या आईसाठी आणलेल्या कमरेच्या पट्ट्याला पुसलं. शनिवारच्या जोडीच्या लढतीची अट यातूनच आली. रॉक-रोमन जिंकले तर रविवारी कसलेही नियम नाहीत. कोडी आणि त्याचा जोडीदार सेथ रॉलिन्स जिंकले तर भावकीला रिंगजवळ मज्जाव. ही अट माहीत नसेल तर पाऊण तासाची ती लढत उगाच लांबवल्यासारखी वाटते. माहीत असेल तर शेवटची दहा मिनिटं जीव टांगणीला लागतो.

आता खुर्ची. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० बाय २० फुटांची, आणि मैदान फुटबॉलचं. २०० क्रमांकाच्या वरच्या मजल्यावरून ती काडेपेटीएवढी दिसते, तुम्ही जवळपास सगळा वेळ पडदाच पाहता. उलट, सगळ्यात महागड्या जमिनीवरच्या खुर्च्याही फसव्या असतात. जमीन सपाट. पहिल्या काही रांगा सोडल्या तर पुढचा उभा राहिला की तुम्हालाही उभं राहावं लागतं, आणि मोठ्या प्रवेशाच्या वेळी पुढे फक्त उंचावलेले फोन दिसतात. मुलं सोबत असतील तर जमीन नकोच. आमच्या मते खालच्या १०० क्रमांकाच्या विभागांत, रिंगच्या बाजूला, दहाव्या ते विसाव्या रांगेच्या दरम्यान पैसे वसूल होतात: रिंग थोडी खाली दिसते, रॅम्प दिसतो आणि पडदाही मान न वळवता दिसतो. खासबागेच्या उतारावर बसून कुस्ती पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

अजून एक बारकावा. पैलवान मुख्य कॅमेऱ्याकडे तोंड करून खेळतात. कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला बसलात तर टीव्हीवर तुम्ही दिसाल, पण तुम्हाला पाठी दिसतील. तिकीट काढताना नकाशात स्टेज कुठल्या टोकाला आहे ते पाहा आणि स्टेजच्या अगदी कडेचे विभाग टाळा. ते स्वस्त असतात ते उगाच नाही.

पोचायचं कसं? सेप्टा या शहर वाहतूक सेवेची ब्रॉड स्ट्रीट लाइन ही मेट्रो धरा आणि शेवटच्या एनआरजी स्टेशनवर उतरा. सिटी हॉलपासून पंधरा मिनिटं, आणि पुढे स्टेडियम चालत. गाडी नेण्याचा विचार सोडा. जाताना पार्किंगचे पैसे आणि येताना तासभर जागच्या जागी उभं राहणं. हॉटेलही याच लाइनवर, सेंटर सिटीत घ्या. किंग ऑफ प्रशियासारख्या उपनगरात खोली स्वस्त दिसते, पण तिथे रेल्वे नाही आणि रात्री अकरानंतरची टॅक्सी ती बचत खाऊन टाकते.

न्यू जर्सीतल्या एडिसन, इसेलिन भागातली मराठी मंडळी हमखास फसतात ती परतीला. जाताना मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथे सेप्टाची गाडी पकडून सबर्बन स्टेशन, आणि भुयारी वाटेने सिटी हॉलची मेट्रो, हे छान जमतं. येताना खेळ अकराच्या आसपास सुटतो, त्यात रविवारचं वेळापत्रक. ही साखळी जुळणार नाही असंच धरून चाला. त्यापेक्षा गाडी चेरी हिलजवळच्या वुडक्रेस्ट स्टेशनवर लावा. ते २९५ महामार्गाला लागून आहे, वाहनतळ मोठा आहे. तिथून पॅटको या लोकल रेल्वेने लोकस्ट स्ट्रीटवरचं शेवटचं स्टेशन गाठा आणि वॉलनट-लोकस्टला ब्रॉड स्ट्रीट लाइन पकडा. पॅटको रात्रीही चालते. मात्र मध्यरात्रीनंतर काही स्टेशनं बंद असतात, म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

फाटकावर अडवलं जातं ते पिशवीमुळे. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या, स्टेडियमचा नियम: पारदर्शक पिशवी, जास्तीत जास्त १२ बाय ६ बाय १२ इंच. अपारदर्शक चालते ती फक्त हाताएवढी, साडेचार बाय साडेसहा इंचांची. पाठीवरची सॅक घेऊन आलात तर परत फिरा. तिकीट फक्त फोनवर असतं, बारकोड हलता असतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. हॉटेलच्या वायफायवरच ते फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा; सत्तर हजार लोक एकाच टॉवरला लटकलेले असताना ॲप उघडत नाही. चौघांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका, एकाची बॅटरी संपली की चौघं बाहेर. घोषणांचे फलक न्यायचे तर नुसता पुठ्ठा, काठी नाही.

इथे खेळ संध्याकाळी सातला सुरू झाला; अशा वेळी साडेपाचला फाटकाशी असा. उशिराची किंमत रविवारी कळली. पहिलीच लढत सेथ रॉलिन्स विरुद्ध ड्रू मॅकिंटायर, सेथकडच्या दुसऱ्या मुख्य पट्ट्यासाठी. ड्रूचं खरं भांडण मात्र समालोचकांच्या टेबलाशी बसलेल्या सीएम पंकशी. जानेवारीच्या रॉयल रंबलमध्ये पंकच्या दंडाचा स्नायू फाटला आणि ड्रू तेव्हापासून त्याला डिवचत होता. ड्रू जिंकला, पट्टा घेऊन पंकसमोर मिरवला, पंकने हाताच्या पट्टीनेच त्याला झोडपलं, आणि तेवढ्यात डेमियन प्रीस्टने आपली मनी इन द बँकची सुटकेस, म्हणजे कधीही पट्ट्यासाठी लढण्याचा हक्क, वटवली आणि पट्टा जिंकला. ड्रूचं राज्य सहा मिनिटंही टिकलं नाही. जो तेव्हा पिशवीच्या रांगेत उभा होता, त्याच्या हातून रात्रीतला दोन नंबरचा प्रसंग गेला.

शनिवारची सुरुवातही जोरदार होती: रिया रिप्लीने बेकी लिंचला हरवून पट्टा राखला. सहा जोड्यांच्या शिडीच्या लढतीत दोन पट्टे दोन जोड्यांकडे गेले; आर-ट्रुथ आणि मिझ जिंकले तेव्हा मैदान मनापासून हसलं. रे मिस्टेरिओच्या मदतीला मुखवटे घालून जेसन केल्सी आणि लेन जॉन्सन आले. हे दोघे ईगल्सचे, म्हणजे याच मैदानावर खेळणाऱ्या फुटबॉल संघाचे, त्यामुळे गजर कान फाडणारा. स्थानिक संघ माहीत नसेल तर हा प्रसंग डोक्यावरून जातो.

जिमी विरुद्ध जे, या सख्ख्या जुळ्यांच्या लढतीकडून मोठ्या आशा होत्या. जिमीने २०२३ च्या समरस्लॅममध्ये रोमनशी लढणाऱ्या भावाचा घात केला होता, भाऊबंदकीला आठ महिने फोडणी दिली होती, आणि फडात मात्र लाथांची देवघेव सोडली तर काही नव्हतं. फूड कोर्टला जायचं तर ही वेळ होती. त्याउलट गुंथर विरुद्ध सामी झेन. गुंथरकडे इंटरकॉन्टिनेंटल पट्टा ६६६ दिवस होता. रांगेत सामीची बायको आणि मुलगा बसलेले, सामी मार खातोय, उठतोय. डाव फार नव्हते, पण निकाल लागला तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. शनिवारची सर्वोत्तम लढत हीच.

आणि थंडी! स्टेडियमला छप्पर नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिवसा ऊन असलं तरी सूर्य गेला की वारा सुटतो, आणि शनिवारी तो चांगलाच होता. टीशर्टावर जॅकेट पुरत नाही. आतून थर्मल, कानटोपी आणि बसायला काहीतरी जाड. नेमकी मुख्य लढत सर्वांत गार वेळी असते. मुलांसाठी कानांवर लावायचे इअरमफ घ्या, आतषबाजीचे आवाज अचानक होतात.

खाण्याचं: शाकाहारी मंडळींनी ‘क्रॅबफ्राइज’ या नावाला बिचकू नये. चिकीज अँड पीट्सच्या या बटाट्याच्या काचऱ्यांवर खेकड्याच्या रश्शासाठी वापरतात तो मसाला असतो, खेकडा नाही. सॉफ्ट प्रेट्झेल सगळीकडे मिळतो. पोटभर जेवण दुपारीच रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये उरकावं. ते पेनसिल्व्हेनिया कन्व्हेन्शन सेंटरच्या शेजारी आहे आणि त्या सेंटरमध्येच डब्ल्यूडब्ल्यूई वर्ल्ड भरलं होतं. टीशर्ट, पट्ट्यांच्या प्रतिकृती तिथे गुरुवार-शुक्रवारी घ्या. स्टेडियममध्ये मापं संपतात आणि जड पट्टा चार तास मांडीवर घेऊन बसावं लागतं.

रविवारच्या शेवटच्या लढतीआधी बेली विरुद्ध इयो स्कायची लढत सुरू होण्यापूर्वी स्वच्छतागृहाला जाऊन या, नंतर उठू नका. कोडी-रोमनच्या लढतीत एकामागून एक माणसं येत राहिली. जिमी आला, त्याला जेने रॅम्पवरून खाली घेतलं. सोलो आला, त्याला जॉन सीनाने आवरलं. सीनाला रॉकने आडवा केला. मग अंधार, घंटेचा तो ओळखीचा टोल, आणि रॉकच्या मागे अंडरटेकर. नव्वदच्या दशकात शाळेत ट्रम्प कार्ड खेळलेल्या पिढीला याहून जास्त सांगायची गरज नाही. पण कळस वेगळाच होता. सेथ जुन्या शील्डच्या, म्हणजे तो आणि रोमन ज्या त्रिकुटात होते त्याच्या, वेशात आला होता. रोमनच्या हातात खुर्ची, एका बाजूला कोडी, दुसऱ्या बाजूला सेथ. जून २०१४ मध्ये सेथने रोमनच्या पाठीत अशीच खुर्ची घालून शील्ड फोडली होती. रोमनने जुना हिशेब चुकता करायला सेथच्या पाठीत खुर्ची घातली आणि तेवढ्या वेळात कोडी सावरला. तीन क्रॉस ऱ्होड्स (कोडीचा हुकमी डाव), आणि १,३१६ दिवसांचं राज्य संपलं. दहा वर्षांपूर्वीचं वैर ज्याला माहीत होतं, त्याला रोमन का हरला ते कळलं. बाकीच्यांना फक्त कोण हरलं ते.

सुटल्यावर घाई नको. एनआरजी हे शेवटचं स्टेशन, इथून गाड्या रिकाम्या सुटतात. पुढच्या ओरेगन स्टेशनपर्यंत चालत जाण्याची शक्कल लढवू नका, तिथे पोचेपर्यंत डबे भरलेले असतात. वीसेक मिनिटं जागेवरच बसा, कोडीचा जल्लोष पाहा, मग रांगेत लागा. रविवारी जाहीर झालेला आकडा ७२,७५५ होता, त्यातली बरीच गर्दी तोवर पुढे सरकलेली असते.

आसपासचे कार्यक्रम जोडायचे तर वेळा तपासा. शुक्रवारचं स्मॅकडाउन आणि हॉल ऑफ फेम, शनिवारी दुपारचं एनएक्सटी (नवोदितांचा खेळ) आणि सोमवारचा रॉ हा साप्ताहिक कार्यक्रम, सगळं शेजारच्या, तेव्हा वेल्स फार्गो सेंटर नावाच्या इनडोअर मैदानात झालं. शनिवारी एनएक्सटी आणि रेसलमेनिया दोन्ही घेतलेत तर दुपारी बारा ते रात्री अकरा, आणि मधे जेमतेम जेवण्याएवढा वेळ. मुलांना घेऊन हे करू नये. त्या वर्षी हॉल ऑफ फेमच्या सन्मानात रोमनचा सल्लागार पॉल हेमन होता, तेही फिलाडेल्फियात. ज्यांना त्याची ईसीडब्ल्यू ही जुनी कुस्ती कंपनी आठवते त्यांनी स्वॉन्सन स्ट्रीटवरची २३०० अरीना पाहून यावी. बाहेरून गोदामासारखी दिसते. पण फोल्डिंग खुर्च्या आणि टेबलं मोडण्याची ती शैली तिथूनच सगळीकडे पसरली.

भारतातून घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी हिशेब असा: पूर्व अमेरिकेतले एप्रिलमधले संध्याकाळचे सात म्हणजे आपले पुढच्या दिवशीचे पहाटेचे साडेचार. त्या सोमवारी फिलाडेल्फियात दुपारी खंडग्रास सूर्यग्रहण होतं, संध्याकाळी आठला रॉ सुरू झालं तेव्हा महाराष्ट्रात ९ एप्रिलची, पाडव्याची, पहाट होती. प्रत्यक्ष जाणार असाल तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तिकिटाआधी बघा. फिलाडेल्फियाची तिकिटं आदल्या ऑगस्टमध्येच विक्रीला आली होती. २०२७ चा रेसलमेनिया रियाधला जाहीर झाला आहे. मुंबईहून विमानाने ते अमेरिकेच्या मानाने जवळ आणि वेळेतही अडीच तासांचाच फरक, त्यामुळे पुण्या-मुंबईकडची गर्दी तिकडे वळेल असं दिसतं. मैदान वेगळं असेल, पिशवीचा नियमही वेगळा असेल. तो त्या मैदानाच्या संकेतस्थळावर पाहूनच बॅग भरा.