तुम्ही विचारलंत म्हणून: उपचार ठरलेला असताना इतके प्रश्न कशासाठी?

"गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हाच उपाय, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे ना? मग आमच्या आईला घर, गोठा, कामाच्या वेळा असे इतके काय विचारत बसता?" कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना रुग्णांची मुले हा प्रश्न मला वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे.

व्यायामाचा उपयोग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात, व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना, शंभर गुणांच्या मापावर, सरासरी १२ गुणांनी कमी आढळल्या. मात्र ही सरासरी आहे, आणि चाचण्यांत नेमके काय मोजले गेले हेही पाहावे लागते. गुडघेदुखीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वोमॅक या प्रश्नावलीत २४ प्रश्न आहेत: जिना चढताना किती त्रास होतो, मोटारीत बसता-उतरताना किती, मोजे घालताना किती, आंघोळीच्या टबमध्ये उतरताना किती. करवीर तालुक्यातील साठी ओलांडलेल्या एक मावशी ज्या कामासाठी माझ्याकडे आल्या, ते त्यात कुठेच नाही. त्यांना दोन्ही वेळा उकिडवे बसून म्हशीची धार काढायची असते आणि दूध वेळेत डेअरीला घालायचे असते.

मी त्यांना, त्या बसतात तसे बसून दाखवायला सांगितले. गुडघ्यांत बादली धरल्यासारखे करून त्या सहज बसल्या. कळ आली ती उठताना, आणि तीही सगळा भार डाव्या पायावर घेतल्यावर. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिला, बैठकीची उंची हळूहळू कमी करत न्यायचे ठरवले आणि तोवर धार काढायला फूटभर उंचीचे स्टूल घ्यायला सांगितले. चाचण्यांतील बरेच व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात. मावशींना मात्र आठवड्यातून तीनदा एसटीने येणे शक्य नव्हते. तेव्हा व्यायाम सुनेलाही शिकवले, आणि चाचण्यांत दिसला तेवढा फायदा कदाचित होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. ते न सांगणे मला फसवणूक वाटते.

याचा अर्थ रुग्ण म्हणेल ते करायचे, असा नाही. शेजारणीने केले म्हणून गुडघा दुर्बिणीने साफ करून घ्यावा का, असे मावशींनी विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. २००२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या चाचणीत १८० रुग्णांपैकी काहींना नुसत्या वरवरच्या चिरा देऊन शस्त्रक्रियेचा आभास निर्माण केला होता. दोन वर्षांपर्यंत खऱ्या शस्त्रक्रियेचा गट त्यांच्यापेक्षा सरस ठरला नाही. ते रुग्ण बहुतेक पुरुष, माजी सैनिक होते, त्यामुळे तो निष्कर्ष मावशींना लावताना मी थबकलो असतो. पण स्त्री-पुरुष दोघेही असलेल्या कॅनडातील २००८ च्या चाचणीतही, व्यायाम आणि औषधांना या शस्त्रक्रियेची जोड दिल्याने अधिक लाभ झाला नाही. इथे मावशींची इच्छा कितीही मनापासूनची असली, तरी पुराव्याचे पारडे जड आहे.

कोणता उपचार गुणकारी ठरण्याची शक्यता आहे, हे संशोधन सांगते. गुण आला असे कशाला म्हणायचे, हे मावशीच सांगू शकतात. म्हणून सहा आठवड्यांनी मी वेदनेच्या गुणांबरोबर हेही विचारणार आहे, की धार काढून झाल्यावर खांबाला न धरता उठता येते का. नसेल येत, तर बेत बदलावा लागेल.

तुम्ही आईला घेऊन याल तेव्हा त्यांचा गोठ्यात काम करतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन या. माझे निम्मे प्रश्न त्यानेच वाचतील.