उजवीकडची खुर्ची

गेल्या महिन्यात कंपनीचे एक परिपत्रक आले. एटीआर विमानांवरील ज्या कॅप्टनांना एअरबसवर जायचे असेल त्यांनी पंधरा दिवसांत अर्ज करावा, असा त्याचा आशय होता. माझ्या नोकरीत असे परिपत्रक येण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी मुलगी सहा महिन्यांची होती, दुसऱ्या वेळी वडिलांची बायपास नुकतीच झाली होती, त्यामुळे नकाराला सबळ कारण होते आणि कोणी फारसे विचारलेही नाही. या वेळी तसे काहीच हाताशी नसल्यामुळे हे काम मला खरोखर आवडते की केवळ सवयीचे झाले आहे, याचा विचार करणे भाग पडले.

जे या व्यवसायात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एटीआर 72 हे सत्तरेक प्रवाशांचे, दोन पंख्यांचे विमान. ते ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते आणि पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही. एअरबस हे जेट विमान; ती पस्तीस हजार फुटांवरून जाते तेव्हा पावसाळ्यातले बरेचसे ढग तिच्या खाली राहतात. आम्हाला मात्र त्याच ढगांतून किंवा त्यांना वळसा घालून वाट काढावी लागते. शिवाय आम्ही जिथे उतरतो त्यांतल्या बऱ्याच छोट्या विमानतळांवर आयएलएस नसते, म्हणजे धावपट्टीपर्यंत अचूक वाट दाखवणारी यंत्रणा नसते, आणि शेवटचा टप्पा डोळ्यांनी व हातांनी पार पाडावा लागतो. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी कोल्हापूरला उतरताना गुऱ्हाळांचा धूर थंड हवेत जमिनीलगत साचलेला असतो, त्याखाली उसाचे हिरवे पट्टे अर्धवट दिसत असतात, आणि त्यातून उजळाईवाडीची धावपट्टी एकदाची डोळ्यांसमोर येते, तेव्हा को-पायलटच्या तोंडून नकळत सुस्कारा निघतो. त्या तीन-चार मिनिटांसाठी मी ही नोकरी करतो, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

बाकीचा वेळ इतका देखणा नसतो. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन, नाही. त्यामुळे उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि ते इंजिन चालू ठेवून त्याच्यावर काम भागवायचे, अशी सोय केलेली आहे. तिला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. मे महिन्याच्या दुपारी त्या हॉटेलात बसलेल्या प्रवाशांना विचारावे की हे कोणत्या दर्जाचे हॉटेल आहे! प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाचा कप्पा कॉकपिटच्या लगेच मागे असतो. कोल्हापूरहून निघालेल्या विमानात कोणाच्या तरी खोक्यातला भडंग फुटलेला असतो आणि हैदराबादपर्यंत लसणाचा वास आमची सोबत करतो. मला त्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोजमापाची. आमच्या वेतनातला मोठा भाग ब्लॉक तासांवर ठरतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ तेवढा धरला जातो. चार सेक्टरच्या, म्हणजे चार उड्डाणांच्या, दिवशी माझी ड्युटी दहा तासांची होते, त्यातले ब्लॉक तास चार-साडेचार. मधल्या प्रत्येक अर्ध्या तासात इंधन, वजनाचा तक्ता, हवामान, उशिरा आलेली चाकाची खुर्ची हे सगळे माझ्याच डोक्यावर असते आणि ते फुकटात जाते. एअरबसवरचा माझा मित्र दोन लांब सेक्टर करून तितक्याच ड्युटीत माझ्या जवळजवळ दुप्पट तास जमवतो, आणि त्याचा तासाचा दरही जास्त आहे. धावपट्टीवर उतरणे हे आमच्या कामातले सर्वांत कष्टाचे आणि जोखमीचे. ते मी त्याच्या दुप्पट वेळा करतो.

दुसरी गोष्ट मार्गांची. 27 एप्रिल 2017 रोजी उडान या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेतील पहिल्या विमानांना झेंडा दाखवला गेला, त्यात शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही होते. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही भाड्याची मर्यादा आणि तूट भरून काढायला तीन वर्षांचे अनुदान, अशी ती आखणी. माझ्यासारख्या मराठवाड्याच्या माणसाला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. पण अनुदानाची मुदत संपली की अनेक मार्ग गुंडाळले जातात, काही छोट्या कंपन्याही बंद पडल्या, आणि त्यांच्या एटीआर वैमानिकांना नवी नोकरी शोधताना कळले की परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींत बहुधा जेट विमानाचे तास मागितलेले असतात. पंख्याच्या विमानावरचे पाच हजार तास तिथे कमी भरतात. त्यात 2017 पासून भारतात कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. चालून आलेली संधी इतके दिवस कोण थांबवून ठेवील?

अमेरिकेत प्रादेशिक विमानसेवेतल्या नोकरीकडे अनेक वर्षे केवळ पायरी म्हणून पाहिले गेले. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ अशाच एका कंपनीचे पंख्याचे विमान पडून 50 जण मेले. स्टॉलच्या, म्हणजे वेग घटून विमान तोलून धरणारी उचल संपत आल्याच्या, इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे कारण ठरले, पण तिथली को-पायलट किती तुटपुंज्या पगारावर काम करत होती आणि सिएटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, हेही चौकशीत बाहेर आले. पुढे 2013 मध्ये को-पायलटलाही साधारणपणे 1,500 तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. पगार मात्र खऱ्या अर्थाने वाढले ते 2022 च्या सुमारास, वैमानिक मिळेनासे झाल्यावर. कष्टांची किंमत माणूस दुर्मीळ झाल्याशिवाय कळत नाही, हे वाचून मला वाईट वाटले. आश्चर्य वाटले नाही.

तरीही मी अर्ज केला नाही, आणि त्यामागचे कारण वर लिहिलेल्या धुराइतके सुंदर नाही. एटीआरचा कॅप्टन एअरबसवर गेला की तो आधी उजवीकडच्या खुर्चीत, म्हणजे को-पायलट म्हणून बसतो आणि ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी जातो. डाव्या खुर्चीत मला नऊ वर्षे झाली. माझ्या शेजारी बसून ज्याने पहिल्यांदा आडव्या वाऱ्यात विमान उतरवले, घाबरून हात घामाने ओले झाल्यामुळे दोनदा पँटला पुसले, तो मुलगा आज एअरबसचा कॅप्टन आहे आणि अजून मला 'सर' म्हणतो. उद्या त्याच्या उजवीकडे बसून त्याने मागितलेली चेकलिस्ट मी वाचायची, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिले आणि मला ते पेलले नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी हा अहंकार कशाला, असे सहकारी म्हणतात. बरोबरच म्हणतात. निवृत्तीचे वय 65 आहे. त्या खुर्चीत तीन-चार वर्षे काढली असती तरी डावीकडची पंधरा वर्षे वाढीव पगाराची मिळाली असती. हिशेब मलाही येतो.

मुदत संपली त्या शुक्रवारी रात्री जेवताना बायकोने विचारले, "भरलात का हो तो अर्ज?" मी नाही म्हटले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. इथे राहिल्याने रात्री निदान घरी येता येते, असे मी पुढे म्हणालो. तिने रविवारचे रोस्टर दाखवायला सांगितले. पहाटे 4.15 ला गाडी, चार सेक्टर, परत यायला दुपारचे तीन. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे जाऊन तिच्या भाचीच्या साखरपुड्यापुढे लिहिलेले 'आम्ही तिघे' खोडले आणि तिथे 'दोघी' असे लिहिले.