‘फ’ने घात केला: तक्ता क्र. ४ फाडला

‘इन्फ्लुएन्स’ (प्रभाव) या शब्दाचं गोत दाखवणारा, मृगाच्या पावसात सुरू केलेला तक्ता चवथीच्या आदल्या रात्री फाडून टाकला. होय, तोच. ज्याचा फोटो इथे टाकून मी मिशीला पीळ दिला होता आणि ज्याला तुम्ही उदार मनाने ‘छान’ म्हटलं होतं. एकालाही चूक दिसली नाही, हे मी विसरणार नाही.

वरचा अर्धा भाग कात्रीने वाचवलाय, कारण त्यात खोट नाही. लॅटिनमध्ये ‘इन’ म्हणजे आत, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘इन्फ्लुएन्तिया’ म्हणजे ताऱ्यांतून पाझरून माणसाच्या स्वभावात नि नशिबात उतरणारं काहीतरी. १३व्या शतकात तो फ्रेंचमध्ये दिसतो, १४व्याच्या अखेरीस इंग्रजीत. साहेबाकडे आपलं वजन आहे, हा अर्थ मागाहून आला. इटलीत साथ आली की खापर ताऱ्यांवर फोडायचे, म्हणून आजारच ‘इन्फ्लुएन्झा’ झाला आणि १७४३ च्या साथीबरोबर तो शब्द इंग्रजीत शिरला. पुढे त्याचं डोकं उडालं, शेपूट उडालं, उरला नुसता ‘फ्लू’. शब्द झिजून झिजून पुन्हा धातूवर येतो, हे बघून मला अजून गुदगुल्या होतात.

आणि आपल्याकडे? आपला ‘ग्रह’ पाझरत नाही, तो धरतो. धातूच ‘ग्रह्’. तिकडचे तारे ठिबकतात, इकडचे मानगूट पकडतात.

आता खालचा अर्धा. तिथे मी ‘फ्लुएरे’पासून जाड निळी रेघ ओढून थेट संस्कृत ‘प्लु’ला (तरंगणे) जोडली होती: प्लवते, प्लव, विप्लव. शेजारी इंग्रजी ‘फ्लो’. तिन्हींत पाणी, तिन्हींत ‘ल’. शंका यावी कशाला?

शंका आणली आमच्या शेजारच्या तात्यांनी, तीही नकळत. तात्या जुन्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो, पावसाची सर आली, तर ते बशी आत ओढत म्हणाले, ‘‘शूव्हा, शूव्हा!’’ पोर्तुगीज पाऊस. मी ‘चावी’च्या नोंदीत लिहिलेला नियम आठवतोय ना? लॅटिन ‘क्लाविस’मधल्या (किल्ली) ‘क्ल’चं पोर्तुगीजमध्ये ‘च’ झालं, आज तिथे त्याचा ‘श’ झालाय आणि जुना ‘च’ आपल्या चावीत राहिला. त्याच वाटेने लॅटिन ‘प्लुविया’चा (पाऊस) ‘शूव्हा’. म्हणजे लॅटिनमध्ये ‘प्लुएरे’, पाऊस पडणे, हा ‘प’चा धातू वेगळा हजर आहे. मग ‘प्लु’चा सख्खा भाऊ तो. माझा ‘फ्लुएरे’ तिथे कोण लागतो?

कोणीच नाही. चहा तसाच ठेवून घरी आलो आणि ग्रिमचा नियम, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात जुनी व्यंजनं कशी बदलली त्याचा नियम मांडला, जो मी इथे नवख्यांना दहादा समजावलाय. लॅटिन ‘प’ला संस्कृत ‘प’, इंग्रजीत मात्र ‘फ’: पातेर, पितृ, फादर. म्हणजे ‘फ्लो’चा ‘फ’ हा मुळातला ‘प’. फ्लो, फ्लड, प्लव, प्लुएरे हे एक कुटुंब. लॅटिनच्या ‘फ’समोर संस्कृतात बहुधा ‘भ’ नाहीतर ‘ध’ लागतो: फ्रातेर आणि भ्रातृ, फूमुस आणि धूम. ‘फ्लुएरे’चं तारांकित (कुठे लिहिलेलं न सापडलेलं, तर्काने बांधलेलं) मूळ ‘भ्लेउ’, म्हणजे फुगणे, उसळून वाहणे. ‘फ्लो’ आणि ‘इन्फ्लुएन्स’ यांचा रक्ताचा संबंध नाही. अर्थ एक, आवाज एक, आणि नातं शून्य. रेघ चुकली तर खोडता येते, पण त्या रेघेवर मी सतरा शब्द लटकवले होते.

रात्री साडेअकराला पुन्हा उठून बसलो. ‘भ’ हवा ना? मग ‘प्रभाव’मध्ये ‘भ’च आहे! पाच मिनिटं मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो. सहाव्या मिनिटाला ‘ल’ कुठे गेला, हा प्रश्न पडला. ‘प्रभाव’ हा ‘भू’चा, आणि ‘भू’चा लॅटिन भाऊ ‘फुई’ (मी होतो), इंग्रजी भाऊ ‘बी’. ‘फ्युचर’ही त्याच घरातलं. तेव्हा हा जोड नाही, पण ‘फुई’ची रेघ पक्की मिळाली. तेवढ्यावर झोप लागली.

पोर्तुगीज शब्दांचे अभ्यासक पाद्री मोन्सिन्योर दाल्गादो आपल्या गोव्यातल्या आसगावचे. त्यांच्या १९१३ च्या ग्रंथाच्या नावातच ‘इन्फ्लुएन्सिया’ (‘इन्फ्लुएन्स’चं पोर्तुगीज रूप) आहे, आशियाई भाषांवर पोर्तुगीज शब्दांची. १९३६ ला बडोद्याहून इंग्रजी भाषांतर आलं, त्याच्या नावातून नेमका तोच शब्द गळाला! माझ्या टिपणाच्या कार्डावर ही गंमत लाल शाईत आहे. म्हणजे होती. पावसाळ्यात ते गुळगुळीत कार्ड घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. शाई फुटते. खरखरीत पुठ्ठा आणि साधी पेन्सिल, बाकी सगळं पैसे पाण्यात.

दुसऱ्या दिवशी तात्यांना विचारलं, तुमच्या वेळी कचेरीत काम करून घ्यायला ‘इन्फ्लुएन्सिया’ म्हणायचे का? ते हसले. ‘‘अरे, तो पुस्तकातला शब्द. आम्ही म्हणायचो कून्या.’’ कून्या म्हणजे पाचर! पुस्तकातला, हे ध्वनीही सांगतो: ‘इन्फ्लारे’, फुंकून फुगवणे, बोलीतून येता येता ‘इंशार’ झाला, ‘इन्फ्लुएन्सिया’चा ‘फ्ल’ मात्र घडीही न मोडता राहिला. पण मला पाचरीने वेड लावलंय. तिकडे पाचर ठोकली की काम आत सरकतं, आपल्याकडे पाचर मारली की काम अडतं.

म्हणजे धातूंचा तक्ता नकोच. हे लिहितालिहिताच ठरतंय: नवा तक्ता चित्रांचा. पाझरणारे एका बाजूला. त्यात जर्मन ‘आइनफ्लुस’ आणि रशियन ‘व्लियानिये’ही, दोन्हींत ‘आत’ आणि ओघ. धरणारे दुसरीकडे. मग अरबीतून आलेले आपले ‘वजन’ आणि ‘वशिला’. एक तोलायचं, दुसरं पोचायचं साधन. आणि मधोमध पाचर. ‘छाप’ कुठे टाकायची ते सुचवा.

‘कून्या’चं कार्ड तात्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, टाकाने. ते सध्या चुलीवरच्या फळीवर वाळतंय.