मोतीबिंदूचा प्रबंध आणि दोन जादा रकाने

नेत्ररोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात प्रबंधासाठी मला रुग्णालयात येणाऱ्या मोतीबिंदूच्या रुग्णांमधील स्त्री-पुरुष फरक हा विषय मिळाला, तेव्हा ओपीडीचे केसपेपर काढून बायका किती आणि पुरुष किती एवढेच मोजायचे आहे, असा बहुतेकांचा समज होता. आराखडा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीपुढे गेल्यावर मात्र एका सदस्यांनी नेमके बोट ठेवले: रुग्णालयाच्या नोंदींवरून दारापर्यंत कोण पोहोचले हे कळते, मोतीबिंदू कोणाला जास्त होतो हे नाही.

आक्षेप रास्त होता. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी आणि त्यापुढील वयाच्या लोकांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच होते, आणि अंधत्व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले होते. स्त्रियांचे आयुष्य सरासरीने जास्त असते, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, चुलीच्या धुराशी वर्षानुवर्षे गाठ असते, अशी कारणे पुस्तकांत दिलेली असतात. पण उपचाराला उशीर का होतो, याचे उत्तर त्यांपैकी एकातही नाही. म्हणून मी रुग्णाची माहिती भरायच्या अर्जात ‘सोबत कोण आले’ आणि ‘उशीर का झाला’ असे दोन रकाने वाढवले आणि समितीने सुधारित आराखडा मंजूर केला.

त्यानंतरचे काम ठरावीक होते: रुग्णाची संमती घ्यायची, बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर डोळ्यातील भिंग किती गढूळ झाले ते ठरवायचे आणि तुलना एकाच वयोगटात करायची, नाहीतर वयाचा फरक लिंगाच्या नावावर खपतो. माझा खरा वेळ गेला तो त्या दोन रकान्यांवर. एका आजींचे दोन्ही मोतीबिंदू पिकून पांढरे झाले होते. कधीपासून दिसत नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “दिसते ना मॅडम, चुलीपुरतं दिसते.” मुलगा कापसाच्या वेचणीत अडकला होता आणि त्याच्याशिवाय यायचे कोणासोबत, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. उलट वाहन चालवणारे किंवा हिशेब लिहिणारे पुरुष एका डोळ्याला जरा धूसर दिसू लागताच येत, आणि बहुधा पत्नीला सोबत घेऊन. त्या पत्नीचे डोळे तपासावेत, असे मात्र क्वचितच कोणी सुचवे. शेवटी मीच सोबत आलेल्यांचीही दृष्टी तक्त्यावर पाहू लागले.

प्रबंधाच्या शीर्षकातला ‘प्रादुर्भाव’, म्हणजे समाजात आजार किती आहे हे सांगणारा शब्द, काढून मार्गदर्शकांच्या संमतीने ‘उपस्थित रुग्णांमधील प्रमाण’ असे केले आणि त्याच शीर्षकाने तो विद्यापीठाकडे सादर झाला.